तिल्देची वही: स्पॅनिश–मराठी शब्दसंग्रहाच्या दुरुस्तीच्या नोंदी

३ जून

आज फाईल ताब्यात आली. ३,८१२ ओळी. प्रत्येक ओळीत स्पॅनिश शब्द, बहुतेक ठिकाणी मराठी अर्थ आणि एखादं छोटं स्पॅनिश वाक्य. आमचा अभ्यासगट पुण्यात गेली कित्येक वर्षं दर शनिवारी भेटतो आणि हा संग्रह जमवतो. सप्टेंबरच्या नव्या तुकडीला तो छापून द्यायचा आहे. अडचण एकच आहे, पण पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत पसरलेली आहे: फाईलमध्ये खुणा नाहीत. ज्याने त्याने हाताशी असलेल्या इंग्रजी कीबोर्डवर टाइप केलं. स्वरांवरच्या तिरक्या रेघा, एन्ये या अक्षरावरची नागमोडी रेघ, उ वरचे दोन ठिपके, उलटी प्रश्नचिन्हं, सगळं गळून गेलं.

"कळतं की, चालवून घ्या" असं आम्ही सगळेच म्हणत आलो. मीही म्हणायचे. गेल्या वर्षी आमच्यातल्या एका मुलीने स्पेनमधल्या एका विद्यापीठाला अर्ज पाठवला आणि त्यात स्वतःचं वय लिहिलं. स्पॅनिशमध्ये वय सांगताना "माझ्याकडे २३ वर्षं आहेत" अशी रचना करतात. वर्ष म्हणजे आऽन्यो. नागमोडी रेघ राहिली की उरतो आऽनो, म्हणजे गुदद्वार. शब्द तिने आमच्या यादीतून जसाच्या तसा उचलला होता. ती कोणाला काही बोलली नाही. मला मात्र ते लागलं, आणि म्हणून हे काम मी मागून घेतलं.

या वहीपुरती सोय: जोर ज्या अक्षरावर पडतो त्याच्यापुढे अवग्रह (ऽ) लिहीन. स्वरांना स्पॅनिश नावांनीच आ, ए, इ, ओ, उ म्हणेन. एने म्हणजे इंग्रजीतला एन, एसे म्हणजे एस, आणि एन्ये म्हणजे डोक्यावर नागमोडी रेघ असलेला एने.

५ जून

कामाला लागण्याआधी नेमकं काय काय परत आणायचं आहे ते मोजलं. पाच स्वरांवर तिरकी रेघ, उ वर दोन ठिपके, आणि एन्ये. ही सात रूपं, त्यांची मोठी लिपी (कॅपिटल) धरून चौदा. वर उलटं प्रश्नचिन्ह आणि उलटं उद्गारचिन्ह. एकूण सोळा चिन्हं, बस.

नावांचा घोळही आज मिटवला. आपण मराठीत आणि इंग्रजीत 'टिल्डे' म्हणतो ती एन्येवरची रेघ. स्पॅनिश माणूस नुसतं 'तिल्दे' म्हणाला तर बहुतेक वेळा त्याच्या मनात स्वरावरची तिरकी रेघ असते. एन्येवरच्या रेघेचं नेमकं नाव बिर्गुलिया. यापुढे मीही तसंच लिहीन.

आणि एक फरक, जो पुढे अकारविल्हे लावताना महत्त्वाचा ठरणार आहे. एन्ये हे स्वतंत्र अक्षर आहे, २७ अक्षरांच्या वर्णमालेत एनेच्या लगेच नंतरचं. तिल्दे असलेला आ मात्र आ-च असतो. तिल्दे फक्त जोर कुठे आहे ते सांगते.

९ जून

यंत्राने होण्यासारखा भाग आधी उरकते आहे. नियम इतका सुटसुटीत आहे की दर वेळी समाधान वाटतं. शब्द स्वराने, एनेने किंवा एसेने संपत असेल तर जोर शेवटून दुसऱ्या अवयवावर (अवयव म्हणजे शब्दाचा एका दमात उच्चारला जाणारा तुकडा) पडतो असं गृहीत धरायचं: काऽसा, लुऽनेस. दुसऱ्या कुठल्याही व्यंजनाने संपत असेल तर शेवटच्या अवयवावर: पापेऽल. गृहीत धरलेलं खरं ठरलं तर खूण नको. खोटं ठरलं तर तिल्दे हवी: काफेऽ, आऽर्बोल. शेवटून तिसऱ्या अवयवावर जोर असेल तर ती नेहमीच हवी: मुऽसिका. म्हणजे जोर प्रत्येक शब्दात असतो, पण अपेक्षा मोडते तिथेच तो लिहून दाखवायचा. वाचणाऱ्याला अनोळखी शब्दाचाही जोर पहिल्या नजरेत कळतो. इंग्रजी वाचताना हे सुख कधी मिळालं नाही.

'सिओन'ने संपणारे शब्द एका फटक्यात झाले. कान्सिओऽन (गाणं) एनेने संपतो आणि जोर शेवटी, म्हणून ओ वर तिल्दे. अनेकवचनात कान्सिओऽनेस होतं, एक अवयव वाढतो, जोर आपोआप शेवटून दुसऱ्या जागी येतो आणि तिल्दे जाते.

११ जून

उलट दिशेचे शब्द हाताने पाहावे लागले. एक्साऽमेन (परीक्षा) एकवचनात बिनखुणेचा, अनेकवचनात एक्साऽमेनेस, आणि मधल्या आ वर तिल्दे. खोऽबेन (तरुण) आणि खोऽबेनेस यांचंही तसंच. मग ते दोन-तीन शब्द ज्यांत जोर जागाच बदलतो. काराऽक्तेरचं अनेकवचन काराक्तेऽरेस, रेऽखिमेनचं रेखिऽमेनेस. पहिल्यात अनेकवचनाला खूण नको, दुसऱ्यात हवी पण वेगळ्या स्वरावर. माझ्या छोट्याशा प्रोग्रामने दोन्हीकडे चूक केली होती. दुरुस्त केलं.

सामान्य नियमावर मात करणारा एक प्रकारही आहे. बिनजोराच्या आ, ए, ओ च्या शेजारी जोराचा इ किंवा उ आला तर त्यावर तिल्दे द्यायचीच, मग शब्द कशानेही संपो. मारिऽआ, बाउऽल (पेटी). ही खूण दोन स्वर एकमेकांत मिसळू देत नाही. आऽसिआ म्हणजे 'कडे', आसिऽआ म्हणजे 'करत असे'. अक्षरं तीच.

१६ जून

एन्येचा दिवस. लोकांनी ते किती तऱ्हांनी लिहिलंय! कोणी नुसता एने, कोणी एनेपुढे वाय, कोणी एनेनंतर वेगळी नागमोडी रेघ, आणि ताईंनी सगळीकडे दोन एने. ताई गटातल्या सर्वांत जुन्या. मी त्यांना फोन करून विचारलं, तर म्हणाल्या, "कीबोर्डवर नव्हतं गं, मग मला जे सुचलं ते केलं."

त्यांना जे सुचलं ते मुळाला धरून होतं. लॅटिनमध्ये वर्षाचा शब्द आन्नुस, दोन एने असलेला. मध्ययुगात चर्मपत्र महाग आणि नक्कल करणं कष्टाचं, म्हणून लेखनिक एक एने लिहून दुसरा त्याच्या डोक्यावर बारीक रेघेने दाखवत. ती रेघ म्हणजेच बिर्गुलिया. कास्तिलमध्ये त्या जोड एनेचा उच्चार बदलून तालव्य झाला, आणि संक्षेपाची ती खूण नव्या ध्वनीचं अक्षर होऊन बसली. तेराव्या शतकात दहाव्या आल्फोन्सो राजाच्या दरबारी लेखनात ते रुळलं. १४९२ मध्ये सलामांकात छापलेल्या आपल्या व्याकरणात आंतोनिओ दे नेब्रिखाने त्याला स्वतंत्र अक्षर मानलं. ताईंनी इंग्रजी कीबोर्डवर बसून ती वाट उलट्या दिशेने चालून दाखवली होती.

शेजारच्या भाषांनी हाच ध्वनी वेगवेगळ्या तऱ्हेने लिहिला. फ्रेंच आणि इटालियनने जी-एन, कातालानने एन-वाय, पोर्तुगीजने एन-एच. मडगावचे आमचे दादा हे ऐकून एकदम सरसावले. गोव्यातलं सालदान्हा हे आडनाव आणि उत्तर स्पेनमधल्या पालेन्सिया प्रांतातलं साल्दान्या हे गाव, दोन्ही एकच नाव. एकीकडे एन-एच, दुसरीकडे एन्ये. नोरोन्हा तसंच, आस्तुरियासमधल्या नोरेन्यावरून आलेलं. दादा म्हणाले, "आम्ही तो एच उच्चारतो हो, ती आमची चूक की काय?" मी म्हटलं, चूक कशाची, शब्द चारशे वर्षं इथे राहिला आहे, तो आता इथला आहे.

१९ जून

काल रात्री वाद झाला: एन्येचा उच्चार मराठी रकान्यात कसा दाखवायचा? आतापर्यंत सगळे (मीसुद्धा, याच वहीत) 'न्य' लिहीत होतो. मी दोन शब्द समोर ठेवले. स्पॅनिशमध्ये ह उच्चारत नाहीत. माणूसघाण्या या अर्थाचा एन्येवाला शब्द आणि युरेनियम या अर्थाचा एने-इ-ओ वाला शब्द 'न्य'ने लिहिले तर दोन्ही 'उरान्यो' होतात. उच्चार मात्र जवळचे असले तरी वेगळे. आपल्या वर्णमालेत या ध्वनीला अक्षर आहे, ञ. चवर्गात ते आपण पाठ करतो आणि मग एकट्याने जवळजवळ कधी वापरत नाही. ताईंची शंका रास्त होती: ज्ञ आपण 'द्न्य' म्हणतो, तेव्हा मुलं ञ पाहून बिचकतील. शेवटी ठरलं की ञ वापरायचा आणि पहिल्या पानावर तीन ओळींत समजवायचं: जीभ टाळूला सपाट लावून न म्हणा.

म्हणजे युरेनियम उराऽनिओ, माणूसघाणा उराऽञो. आजपासून वहीतही आऽञो.

२५ जून

छपाईसाठी पान लावणाऱ्याकडून नमुना परत आला आणि पोटात गोळा आला. आऽञोच्या जागी काहीतरी भलतंच: मोठा आ, त्याच्या डोक्यावर बिर्गुलिया, आणि पुढे अधिक-उणेचं चिन्ह. सगळीकडे तो मोठा आ पसरलेला.

संध्याकाळी शांतपणे बसून उलगडा केला. युनिकोडमध्ये एन्येचा क्रमांक २४१. तो साठवायच्या आजच्या रूढ पद्धतीत त्याचे दोन तुकडे होतात, १९५ आणि १७७. जुनी पद्धत समजून वाचणारं सॉफ्टवेअर त्या दोन तुकड्यांना दोन अक्षरं मानतं: १९५ म्हणजे बिर्गुलियावाला मोठा आ, १७७ म्हणजे अधिक-उणे. एकदा हे कळलं की नमुना वाचता येऊ लागतो. त्या मोठ्या आ पुढे © दिसलं तर मुळात तिल्देवाला ए होता. डोक्यावरचा बारीक तीन दिसला तर ओ. पाव दिसला तर ठिपकेवाला उ. उलटं उद्गारचिन्ह दिसलं तर आ. सर्वांत दगाबाज इ. त्याचा दुसरा तुकडा १७३, आणि त्या जागेवर अदृश्य जोडरेघ असते. डोळ्यांना नुसता मोठा आ दिसतो आणि पुढे काहीच नाही. पान लावणाऱ्याने सवयीने अदृश्य जोडरेघा पुसल्या होत्या, त्यामुळे सगळ्या इ चे तुकडे कायमचे गेले. मूळ प्रत माझ्याकडे होती म्हणून निभावलं.

काही ओळींत तर आणखी वेगळं घडलं होतं. स्पॅनिश शब्दाच्या मधोमध देवनागरीचा काना, अर्धा श, रफार. हे आपल्याकडचंच जुनं दुखणं. युनिकोडपूर्वीच्या मराठी फॉन्टांमध्ये १२८ ते २५५ या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले असत, आणि स्पॅनिशची खुणावाली अक्षरंही नेमकी त्याच जागांवर. ओळीला जुना मराठी फॉन्ट लागला की काफेऽचा शेवटचा ए जाऊन तिथे मात्रा उमटते. सगळा मजकूर युनिकोड फॉन्टात आणून पुन्हा पाठवला.

२ जुलै

नवी तक्रार: फाईलमध्ये आऽञो शोधला तर सहा सापडतात, डोळ्यांनी मोजले तर नऊ दिसतात.

तीन ओळींतला एन्ये वेगळ्या घडणीचा निघाला. साधा एने, क्रमांक ११०, आणि त्याच्यामागे डोक्यावर बसणारी सुटी बिर्गुलिया, क्रमांक ७७१. दिसायला तंतोतंत सारखा, पण यंत्राच्या लेखी दोन चिन्हं. मराठीत हे आपल्यालाही भोगावं लागतं. 'वाऱ्यावर'मधला ऱ दोन प्रकारे लिहिता येतो, एकसंध २३५३ किंवा साध्या र खाली नुक्ता, आणि मग शोध अर्धवट चालतो. दोन्हींवर इलाज एकच, सगळा मजकूर एका घडणीत आणणं. पूर्ण फाईल एकसंध रूपात बदलून घेतली. नऊचे नऊ सापडले.

आपल्याकडे या ऱ ची किंमत आचारी आणि आचार्य यांच्यात दिसते. 'आचाऱ्यांना' आणि 'आचार्यांना' हे दोन शब्द सारखेच छापले तर मराठी माणूस गप्प बसेल का? नव्या तुकडीला तिल्दे समजावताना मी इथूनच सुरुवात करणार आहे.

१० जुलै

यंत्राचं काम संपलं. उरल्या त्या ४१८ ओळी, जिथे खूण आहे तरी शब्द खरा आणि नाही तरी शब्द खरा. इथे वाचण्यावाचून गत्यंतर नाही.

पुऽब्लिको म्हणजे सार्वजनिक किंवा प्रेक्षक. पुब्लिऽको म्हणजे मी प्रसिद्ध करतो. पुब्लिकोऽ म्हणजे त्याने किंवा तिने प्रसिद्ध केलं. पहिल्यात उ वर तिल्दे, तिसऱ्यात ओ वर, मधला बिनखुणेचा. आमच्या फाईलमध्ये तिन्ही एकसारखे. तेऽर्मिनो, तेर्मिऽनो, तेर्मिनोऽ यांचंही तसंच: संज्ञा, मी संपवतो, त्याने संपवलं.

मला सर्वांत जपावीशी वाटते ती या शेवटच्या दोघांमधली खूण. येऽगो ताऽर्दे म्हणजे मला उशीर होतोय. येगोऽ ताऽर्दे म्हणजे तो किंवा ती उशिरा आली. एका रेघेने कर्ता बदलतो आणि काळही बदलतो. मराठीत 'येतो' आणि 'आला' यांच्यात जेवढं अंतर आहे तेवढं सगळं त्या रेघेत आहे, आणि आम्ही ती चौदा पंधरा वर्षं गाळत होतो.

बाकीची काही जोडपी, फाईलमधूनच: साऽबाना चादर, साबाऽना गवताळ माळ. पापाऽ बाबा, पाऽपा पोप, आणि लॅटिन अमेरिकेत बटाटासुद्धा. इंग्लेऽस इंग्रजी भाषा, बिनखुणेचा इंऽग्लेस म्हणजे जांघा. "मला इंग्रजी येतं" हे वाक्य आमच्या यादीत चार ठिकाणी होतं, चारही ठिकाणी बिनखुणेचं.

१३ जुलै

प्रोफेबरोबर पहिली व्हिडिओ बैठक. त्या मूळच्या सलामांकाच्या, गटाला पहिली चार वर्षं त्यांनीच शिकवलं, आणि विद्यार्थी तिकडे शिक्षकांना म्हणतात तसं आम्हीही त्यांना प्रोफेच म्हणतो. एका अवयवाच्या शब्दांना तिल्दे नसते, पण काही जोडप्यांत ओळखीसाठी देतात, ती सगळी आज त्यांच्याबरोबर पाहिली. तू (सर्वनाम) खुणेसह, तू (तुझं) खुणेविना. सि म्हणजे जर, खुणेसह होय. ते म्हणजे तुला, खुणेसह चहा. मि म्हणजे माझं, खुणेसह 'मला' अशा अर्थाचं, पण तसंच 'तुला' अशा अर्थाच्या ति ला मात्र कधीच खूण नाही, कारण त्याला गोंधळ घालणारं दुसरं भावंडच नाही. प्रोफे म्हणाल्या की तिकडची शिकलेली माणसंसुद्धा मि च्या नादाने ति वर तिल्दे देतात. आमच्याकडे दोन ठिकाणी होती. काढली.

ओळ २२०७ अडली. एल बिऽनो दे खेरेऽस. एल खुणेविना असेल तर 'खेरेसची वाईन', शेरी. एलवर तिल्दे असेल तर 'तो खेरेसहून आला'. बिऽनो हा शब्दच दोन्ही आहे, वाईनही आणि 'आला'ही. मराठी रकाना रिकामा. प्रोफेही म्हणाल्या, दोन्ही बरोबर, लिहिणाऱ्याला विचारा. ओळ ताईंची. त्यांना आठवत नाही.

१७ जुलै

पान लावणाऱ्याचा निरोप: शीर्षकांतल्या मोठ्या अक्षरांवरच्या खुणा काढू का, मोठ्या लिपीला लागत नाहीत असं त्याने कुठेसं वाचलं आहे. हा समज स्पेनमध्येही घट्ट आहे. खिळ्यांच्या छपाईत आणि टाइपरायटरवर मोठ्या अक्षराच्या डोक्यावर रेघेला जागा नसायची, म्हणून ती गाळत, आणि गाळता गाळता त्याचाच नियम झाल्यासारखं लोकांना वाटू लागलं. स्पॅनिश अकादमीने, म्हणजे तिकडे भाषेचे नियम ठरवणाऱ्या संस्थेने, अशी सूट कधीच दिलेली नाही. आविला शहराच्या नावातल्या मोठ्या आ वर तिल्दे हवीच. ओळींमधलं अंतर थोडं वाढवायला सांगितलं.

२२ जुलै

सोऽलो. याच्यावर एक अख्खा शनिवार गेला.

सोऽलो म्हणजे एकटा, आणि सोऽलो म्हणजे फक्त. "त्राबाऽखो सोऽलो लोस दोमिंऽगोस": मी रविवारी एकटा काम करतो, की फक्त रविवारी काम करतो? आमची जुनी पुस्तकं 'फक्त'वर तिल्दे देतात. २०१० च्या शुद्धलेखनग्रंथात अकादमी आणि तिच्या भगिनी अकादमींनी सांगितलं की ती देऊ नये, संदिग्धता असली तरी संदर्भ पुरतो. स्पेनमधल्या कित्येक लेखकांनी ते मानलं नाही. मार्च २०२३ मध्ये अकादमीने शब्दरचना बदलली: लिहिणाऱ्याला संदिग्धता वाटत असेल तर त्याला तिल्दे देता येईल, सक्ती नाही.

ताईंचं म्हणणं, शिकलो तसं ठेवू, सगळीकडे तिल्दे. त्यांची पिढी या दुःखातून मराठीतही गेली आहे. १९६२ च्या नियमांनी न उच्चारले जाणारे अनुस्वार काढले, तेव्हा 'नांव' आणि 'कांहीं' लिहिणाऱ्या हातांना ते उघडंबोडकं वाटलंच असणार. मी त्यांच्या विरुद्ध मत दिलं आणि अजूनही त्यावर ठाम आहे. नव्या मुलांना आजचं लेखन मिळायला हवं. दोन अर्थ खरोखर संभवतात त्या तीन वाक्यांत तिल्दे, बाकी सगळीकडे नाही. ताईंनी मान्य केलं, पण मनापासून नाही.

याच ओघात गिओन (जोडरेघ) हा शब्दही बिनखुणेचा केला, २०१० पासून तो एका अवयवाचा धरतात. फुए, दिओ, बिओ यांच्यावर काही जुन्या वाक्यांत तिल्दे होती, ती १९५९ पासूनच गेलेली आहे.

२६ जुलै

दोन ठिपके. शब्द थोडे, एका दुपारचं काम. जी नंतर उ आणि त्याच्यापुढे ए किंवा इ आला तर तो उ एरवी मुका असतो: गेऽर्रा, गिताऽर्रा. तो उच्चारायचा असेल तर डोक्यावर ठिपके: पिंग्विऽनो, बेर्ग्वेऽन्सा (लाज). आपल्या मुलांची चूक उलटी होते, ती गिताऽर्रालाही 'ग्वि' म्हणतात, म्हणून दोन्ही शेजारी छापायचे ठरवलं. सिग्वेऽञा म्हणजे करकोचा, सलामांकाच्या चर्चच्या मनोऱ्यांवर घरटी करणारा. एकाच शब्दात ठिपकेवाला उ आणि एन्ये. उ दाखवायला मुखपृष्ठावर तोच हवा असा माझा हट्ट आहे.

४ ऑगस्ट

अकारविल्हे लावली आणि आऽर्बोल (झाड) सगळ्यांच्या शेवटी, सुऽमो (फळांचा रस) या शब्दाच्याही नंतर जाऊन बसला. यंत्र नुसते क्रमांक पाहतं, आणि खुणावाल्या अक्षरांचे क्रमांक झेटच्या पुढचे.

स्पॅनिश पद्धत शिकवावी लागली. तिल्दे आणि ठिपके क्रम लावताना नसल्यासारखे धरायचे, एन्ये मात्र एनेनंतरचं पूर्ण अक्षर. म्हणून काऽना (पांढरा केस), मग कान्ताऽर (गाणं), आणि त्यानंतर काऽञा (ऊस). ऊस आणि पांढरा केस शेजारी येत नाहीत हे पाहून मला फार बरं वाटलं, अक्षराला त्याचा मान मिळाला.

दादांकडे एक जुना, रद्दीतून आणलेला कोश आहे. त्यात चे आणि एये, म्हणजे सी-एच आणि दोन एल, यांचे स्वतंत्र विभाग आहेत, याऽबे (किल्ली, 'व' म्हणू नका) लुस (प्रकाश) नंतर येतो. दोघांना १७५४ पासून अक्षरं मानत, आणि १८०३ पासून कोशात वेगळी जागा होती. १९९४ च्या माद्रिदच्या परिषदेत वेगळे विभाग बंद करायचं ठरलं, २०१० मध्ये ती वर्णमालेतूनही गेली. एन्ये राहिलं, कारण ते एकच अक्षर आहे, दोनांची जोडी नाही.

९ ऑगस्ट

ही फाईल पुन्हा अशी होऊ नये म्हणून सगळ्यांना कीबोर्ड शिकवला. स्पॅनिश मांडणी चालू केली की एलच्या उजवीकडे एन्ये, त्याच्या पलीकडे तिल्देची कळ: आधी ती, मग स्वर. ज्यांना मांडणी बदलायची नाही त्यांच्यासाठी ऑल्ट दाबून आकडे: एन्ये १६४, मोठा १६५, आ १६०, ए १३०, इ १६१, ओ १६२, उ १६३, ठिपकेवाला उ १२९, उलटं प्रश्नचिन्ह १६८, उलटं उद्गारचिन्ह १७३. मोबाईलवर अक्षर दाबून धरलं की झालं. ताईंनी आकडे आपल्या हाताने पुठ्ठ्यावर लिहून घेतले.

त्या पुठ्ठ्याकडे बघताना एन्येची कळ कशी टिकली ते सांगितलं. स्पेनमध्ये विकल्या जाणाऱ्या संगणकांवर एन्ये असलंच पाहिजे असे नियम होते. १९९१ मध्ये युरोपीय समुदायाने ते मुक्त व्यापाराला अडथळा ठरवले. स्पेनमध्ये मोठा गदारोळ झाला. १९९३ मध्ये सरकारने मास्त्रिख्त करारातल्या संस्कृतिरक्षणाच्या तरतुदीचा आधार घेऊन हुकूम काढला आणि ती अट कायम ठेवली. तरी पासपोर्टच्या तळाशी यंत्राने वाचायच्या ओळींत आजही फक्त २६ अक्षरं चालतात, एन्येच्या जागी साधा एने किंवा एनेपुढे दोन एक्स.

१५ ऑगस्ट

झेंडावंदनानंतर चार तास बसून वाक्यांच्या सुरुवातीची उलटी चिन्हं घातली. १७५४ च्या शुद्धलेखनग्रंथापासून आलेली पद्धत. स्पॅनिशमध्ये विधान आणि प्रश्न यांची शब्दरचना पुष्कळदा एकच असते, लांब वाक्य प्रश्नाचं आहे हे वाचणाऱ्याला आधीच कळावं म्हणून. एक बारकावा सुटला होता: प्रश्न वाक्याच्या मध्यापासून सुरू होत असेल तर चिन्हही तिथेच, वाक्यारंभी नाही. सतरा ठिकाणी हलवलं.

२१ ऑगस्ट

प्रोफेबरोबर शेवटचं वाचन, साडेतीन तास. अकरा चुका, त्यातल्या सात माझ्या. एका ठिकाणी मी सोनाऽर (वाजणं) ला बिर्गुलिया देऊन सोञाऽर (स्वप्न पाहणं) केलं होतं. घंटा स्वप्न पाहत होती. वाक्य सुंदर झालं होतं, पण ताईंनी ते लिहिलं नव्हतं.

२२०७ अजून उघडी.

२४ ऑगस्ट

सकाळी ताई स्वतः आल्या, पिशवीत निळ्या पुठ्ठ्याची वही. माळ्यावरच्या पेटीत सापडली म्हणाल्या. खेरेसची ओळ नवव्या पानावर होती. वाक्य तिथूनच सुरू होत असल्यामुळे एलचा ए मोठ्या लिपीत, आणि त्यावर खूण नाही. तेव्हा त्यांनाही कोणीतरी सांगितलं होतं की मोठ्या अक्षराला लागत नाही. पण समासात पेन्सिलने, बारीक अक्षरात: "तो. वाईन नव्हे."

मोठ्या ए वर तिल्दे दिली, मराठी रकान्यात 'तो खेरेसहून आला' लिहिलं. फाईल दुपारी चार वाजता छपाईला गेली.